खण

फॉरफरमध्ये नोव्हेंबरात चारलाच अंधार पडतो.
स्वयंपाकघरातलं टेबल पुसून
मी चौकटीचा कागद पसरते,
कोपऱ्यांवर वजनं ठेवते: हळदीची बरणी, कात्री,
एल्स्पेथनं दिलेला मार्मलेड,
प्रभाकरच्या गोळ्यांचा डबा.

शलाकाच्या लग्नात भिंतीवर लावायला
काहीतरी कापडी, मी केलेलं.
नमुना अ‍ॅबरलेम्नोच्या दगडावरून सुचलेला.
दगड आता दिसत नाही,
थंडीनं तडकू नये म्हणून
त्याला लाकडी पेटीत बंद करतात.
माझ्याकडे जूनमधला फोटो आहे,
त्यात प्रभाकरचा अंगठाही आलाय.

"म्हणायचं गाठ," एल्स्पेथ सांगते,
"पण गाठ मारलेली कुठेच नाही बघ.
टोकच नाही, तर बांधणार काय?
लग्नाला एकच दोरी हवी हं,
निघाली तिथेच परत येणारी."

ठिपके मांडायला मला कुणी शिकवायला नको.
सहा खण आडवे, चार उभे.
मग वर, खाली, वर, खाली,
पेन्सिल कडेला आपटते, वळते,
आणि सुरुवातीला येऊन थांबते
तेव्हा अर्धा कागद कोराच.
म्हणजे दोऱ्या दोन.
खोडलं. दुसऱ्या कोपऱ्यातून निघाले.
पुन्हा दोनच.

प्रभाकर चष्मा कपाळावर ढकलतो.
"सहालाही दोननं भाग जातो, चारलाही.
म्हणून दोन. सात घे. सुटेल."
पस्तीस वर्षं इस्पितळाचे बॉयलर सांभाळलेला माणूस,
त्याला सगळं सुटतं.

सात घेतले. सुटलं.
एकच दोरी, एल्स्पेथला हवी तशी.
आणि रात्री मला झोप येईना.

आमच्या घरात जिना अरुंद.
तो रात्रपाळीहून वर झोपायला,
मी दिवसपाळीला खाली निघालेली,
चौथ्या पायरीवर भिंतीला पाठ लावून
एकाने दुसऱ्याला वाट द्यायची.
"भाजी आहे." "पावती टेबलावर."
"ताप उतरला तिचा."
एवढंच. वर, खाली.
त्याचा थंड कोट माझ्या बाहीला घासायचा.
आम्ही कधी एक झालो नाही.
सुटलोही नाही.

सकाळी सातचा कागद घडी करून
रद्दीत टाकला.

लाल खण पेटीतून काढला,
चोळी शिवायची राहूनच गेलेली, तोच.
दुसरी दोरी फर्गसच्या काकांच्या कोटाची.
जाड कापड वळेना काही केल्या,
तेव्हा अस्तर उसवलं: राखाडी, चमकतं,
खिशापाशी तंबाखूचा वास.
पट्ट्या तिरप्या कापायच्या.
सरळ कापलेली पट्टी कोपऱ्यात हट्ट धरते, चुण्या पडतात.
तिरपी मात्र नेऊ तशी वळते.
हे मला कळायला एक अख्खा खण वाया गेला,
कागदावरचा नव्हे, कापडाचा.

अडतीस जागी दोऱ्या एकमेकींना छेदतात,
काही जागी स्वतःलाच.
तेही खरंच आहे म्हणा.
प्रत्येक ठिकाणी थांबून विचारायचं,
आता कोण वर?
तेविसाव्या जागी लाल सलग दोनदा वर गेली.
एल्स्पेथ म्हणाली, कुणाला दिसणार नाही.
मला दिसत होतं.
नऊ टाके उसवले, दाताने दोरा तोडला.

प्रभाकर टाचण्यांची डबी धरून बसलाय,
एक एक मोजून देतो, बॉयलरची नोंद ठेवावी तसा.
अचानक विचारतो,
"सात केलेस ना?"
"सहाच ठेवले."
तो कापडावर बोट ठेवून राखाडी दोरीमागे जातो,
लालखालून, लालवरून, कडेला वळून,
मध्ये एकदा चुकतो, पुन्हा मागे येतो.
बराच वेळ.

मग म्हणतो, "आले टाकू का चहात?"
आणि दाराच्या कडीला शर्ट अडकवून घेत
नेहमीसारखा
उठतो.